चिप तुटते की गुंतते

कुर्ल्यातून जाणारा लाल बहादूर शास्त्री मार्ग, जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही आग्रा रोड, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप करत मुलुंड चेकनाक्याला मुंबई सोडतो. एकेकाळी या रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखानेच कारखाने होते. भांडुपला सिएट आणि गेस्ट कीन विल्यम्स, मुलुंडला हेक्स्ट आणि जॉन्सन अँड जॉन्सन. नाका ओलांडला की ठाण्याचे वागळे इस्टेट, जिथून १९६२ मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीने आपल्या कामाचा श्रीगणेशा केला. यांतल्या पुष्कळशा जागांवर आता मॉल आणि टॉवर उभे आहेत. मात्र त्या कारखान्यांच्या आधाराने वाढलेली छोटी वर्कशॉप सगळीच उठून गेलेली नाहीत. मुलुंड-भांडुपच्या इंडस्ट्रियल इस्टेटींमध्ये अजून असे गाळे सापडतात, की आत एक सीएनसी टर्निंग सेंटर, एक व्हीएमसी, कोपऱ्यात जुना एचएमटीचा लेथ आणि माळ्यावर ऑफिस. माल कुंभारवाड्यातून किंवा गुलालवाडीतून टेम्पोने येतो, कापला जातो आणि पुण्या-नाशिकला किंवा थेट परदेशी रवाना होतो.

अशा गाळ्यात ॲल्युमिनियमचे काम भरपूर असते. हवेच्या दाबावर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या बॉड्या, औषधांच्या पॅकिंग मशीनचे सुटे भाग, विजेची कनेक्टर, कॅमेऱ्याचे स्टँड. गिऱ्हाईक ड्रॉइंग पाठवते आणि संध्याकाळपर्यंत एका नगाचा भाव मागते. भाव द्यायचा म्हणजे एक जॉब किती सेकंदांत उतरेल, टूलच्या टोकाशी बसवलेल्या एका टिपवर किती नग निघतील, मशीन मध्येच किती वेळा थांबवावे लागेल, हे मालाला टूल लागण्याआधीच सांगायचे. समजा, हिशेब धरला नव्वद सेकंदांचा आणि प्रत्यक्षात लागले दोन मिनिटे दहा सेकंद. पाच हजार नगांच्या ऑर्डरीत पंचावन्न तासांहून अधिक मशीनचा वेळ गेला आणि नफा त्याच्याबरोबर. ‘हा माल कितपत सहज कापला जाईल?’ हा प्रश्न त्यामुळे इथे कोणी कुतूहल म्हणून विचारत नाही. या गुणाला मशिनेबिलिटी म्हणतात, आणि ॲल्युमिनियमच्या बाबतीत तो मोजायला बसलो की लक्षात येते, पोलादासाठी बनवलेली मापे इथे निम्मी निरुपयोगी आहेत.

मापाची गोष्ट फ्रेडरिक टेलरपासून सुरू होते. कामगारांच्या हालचाली घड्याळ लावून मोजणारा आणि त्यासाठी बऱ्याच शिव्या खाल्लेला तोच टेलर. फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल स्टील कंपनीत १८८० मध्ये त्याने धातू कापण्याचे प्रयोग सुरू केले आणि ते सव्वीस वर्षे चालवले. १९०६ मध्ये अमेरिकेच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्याने निष्कर्ष मांडले, तोपर्यंत प्रयोगांपायी आठ लाख पौंडांहून अधिक लोखंड-पोलादाच्या चिपा, म्हणजे कापताना निघणारा कीस, झाल्या होत्या. एवढ्या खटाटोपातून निघालेले सूत्र मात्र एका ओळीचे आहे: कापण्याचा वेग गुणिले टूलच्या आयुष्याचा एक ठरावीक घात, याचे उत्तर कायम राहते. कार्बाइड टूलसाठी हा घात पाव धरला, तर वेग दुप्पट करताच टूलचे आयुष्य निम्मे होत नाही. ते सोळाव्या हिश्श्यावर येते. टर्नर नवीन पोराच्या हातून स्पीडची नॉब काढून घेतो, त्यामागे हेच गणित आहे.

टेलरच्या वाटेनेच पुढे मशिनेबिलिटीचे आकडे आले. अमेरिकेत १११२ या सल्फरमिश्रित पोलादाला १०० गुण दिले गेले. मिनिटाला १८० फूट, म्हणजे सुमारे ५५ मीटर, हा त्याचा प्रमाण वेग. टूलचे तेवढेच आयुष्य राखून दुसरा धातू किती वेगाने कापता येतो, त्यावरून त्याची टक्केवारी ठरते. टूल संपले असे कधी मानायचे, हेही आंतरराष्ट्रीय मानकाने बांधून दिले. आयएसओ ३६८५ म्हणते, टूलच्या बाजूच्या अंगावर घासून पडलेला पट्टा सरासरी ०.३ मिलिमीटर रुंद झाला की आयुष्य संपले. पण हे मानक लिहिताना समोर पोलाद आणि बीड होते.

आता हीच परीक्षा गाळ्यातल्या ॲल्युमिनियमच्या बारला लावून पाहू. वेग मिनिटाला ३०० मीटर, फीड, म्हणजे दर फेऱ्यामागे टूल पुढे सरकते ते अंतर, ०.२ मिलिमीटर, कटची खोली २ मिलिमीटर. मिनिटाला १२० घन सेंटिमीटर, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास धातू चिप होऊन पडतो. तासाला साडेएकोणीस किलो. आणि सिलिकॉन कमी असलेल्या बारवर चांगली कार्बाइड टिप तासाभरात काही संपत नाही. दहा तास चालली, तर दोनशे किलोच्या आसपास माल नुसता हे सिद्ध करण्यात जाईल की टिप चांगली आहे. टेलरला ते परवडत होते.

बरे, टूलवर येणारा जोर मोजावा, तर तिथेही फारसे हाती लागत नाही. एक घन मिलिमीटर धातू काढायला ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना साधारण ०.४ ते १.१ जूल ऊर्जा लागते. पोलादांना पावणेतीन ते नऊ. वरच्याच कटला ॲल्युमिनियम सव्वादोन किलोवॅटच्या आत आटोपते. सीएनसीच्या पडद्यावर स्पिंडलच्या लोडची पट्टी दिसते, ती गरिबाचा डायनॅमोमीटर आहे असे म्हणायला हरकत नाही. पण सात अश्वशक्तीच्या मोटरवर दोन ॲल्युमिनियमांमधला फरक त्या पट्टीत जेमतेम दोन-चार टक्क्यांचा उमटतो. खरा डायनॅमोमीटर, क्वार्ट्झच्या स्फटिकावर तीन दिशांचा जोर वेगवेगळा मोजणारा, एखाद्या तंत्रशिक्षण संस्थेच्या प्रयोगशाळेत असतो. मुलुंडहून पवईचे आयआयटी काही किलोमीटरवरच, पण पाच हजार नगांच्या ऑर्डरीसाठी तिथवर कोणी जात नाही.

मग ॲल्युमिनियम कापताना मशीन थांबते ते कशाने? टूल झिजून नव्हे, जोर कमी पडूनही नव्हे. थांबते ते चिपेमुळे. चिप तुटत नाही. लांबच लांब फीत निघते, जॉबभोवती आणि चकभोवती गुंडाळी होते, नुकताच घेतलेला तलम कट खरवडून टाकते, टूल चेंजरमध्ये अडकते. ऑपरेटर दार उघडतो, हुकाने गुंता ओढतो, दार लावतो. रात्रपाळीला बारफीडर लावून मशीन एकटे सोडायचे स्वप्न तिथेच संपते. म्हणून ॲल्युमिनियमच्या परीक्षेत पहिला मान चिपेचा, दुसरा पृष्ठभागाचा, आणि टूलच्या झिजेचा बहुतेक वेळा तिसरा. अमेरिकेच्या ॲल्युमिनियम असोसिएशनने केलेली प्रतवारीही याच नजरेने केलेली आहे. तिच्यात टक्के नाहीत. ए ते ई अशा पाच इयत्ता आहेत. ए म्हणजे चिप बारीक तुटून पडते आणि फिनिश उत्कृष्ट येते. सी म्हणजे चिप सलग निघते, फिनिश चांगले. ई म्हणजे टूलचा आकार आणि मशीनची मांडणी नेमकी जमवली तरच चिप आणि फिनिश आवाक्यात राहणार.

या प्रतवारीत ई इयत्तेत कोण बसलेले आहे पाहिले, की नवख्याला धक्का बसतो. तिथे सगळ्यात मऊ धातू आहेत: ११००, म्हणजे जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियम, आणि ३००३, दोन्ही मऊ केलेल्या अवस्थेत. उलट विमानात वापरले जाणारे, पोलादाशी बरोबरी सांगणारे ७०७५ आणि २०२४ हे ताठ मिश्रधातू बी इयत्तेत. मऊ ते सोपे, ही आपली समजूत इथे पार उलटी पडते. खोबऱ्याच्या वड्या नीट आळायच्या आधी कापायला घेतल्या तर सुरीला चिकटतात, कडा फाटतात, आणि घट्ट झालेली वडी टचकन सुटते, अगदी तसेच.

चिकटणे इथे अक्षरशः खरे आहे. टूल धातू सोलत नाही, ते त्याला पुढे दाबते. दाबला गेलेला थर एका तिरप्या प्रतलावर घसरतो आणि चिप होऊन टूलच्या माथ्यावरून सरकत निघतो. मऊ धातू दाबला की पसरतो. चिप कटच्या मानाने कितीतरी जाड होते, टूलला दूरवर घासत जाते, आणि ताज्या उघड्या पडलेल्या ॲल्युमिनियमचा थर प्रचंड दाबाखाली टूलच्या धारेला डकतो. त्यावर दुसरा थर, तिसरा. कारखान्यात म्हणतात, ‘टिपवर मटेरियल चढलंय.’ आता कापते आहे ते टूल नव्हे. त्यावर चढलेला ओबडधोबड गोळा कापतो आहे. तो मध्येच निखळतो, जॉबवर चिकटून जातो, पुन्हा चढतो. पृष्ठभाग भुरकट आणि खरखरीत येतो, माप शंभर मायक्रॉननेही हलू शकते. मग ऑपरेटर मापाच्या दुरुस्तीचा ऑफसेट देतो, आणि गोळा निखळला की तोच ऑफसेट चुकतो. घासलेटचा कॅन लेथजवळ ठेवण्याची जुनी पद्धत याच चढण्यावरचा उतारा होती. ब्रशने रॉकेल लावले की ॲल्युमिनियम टूलला कमी धरते. वास, आगीची भीती आणि दुर्मीळ झालेले रॉकेल यांमुळे आता पाण्यात मिसळणारे कूलंट आले. त्याचे प्रमाण बिघडून ते फार क्षारी झाले, तर ॲल्युमिनियमवर काळे डाग पडतात, हे पोलाद कापणाऱ्याला सहसा ठाऊक नसते.

ॲल्युमिनियमला ताठ करण्याची युक्ती १९०६ मध्येच, म्हणजे टेलरने निबंध वाचला त्याच वर्षी, जर्मनीत आल्फ्रेड विल्मला सापडली. तांबे आणि मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियम तापवून पाण्यात विझवले, तर ते लगेच कडक होत नाही. पण काही दिवस नुसते ठेवून पुन्हा कठीणपणा मोजला, तर तो वाढलेला निघतो. धातूच्या आत अतिसूक्ष्म कण हळूहळू जमतात आणि थरांचे घसरणे अडवतात. त्यातून ड्युराल्युमिन आले, पुढे विमाने आली. आपल्या गाळ्यातल्या बारवर टी-६ लिहिलेले असते, ते याच प्रक्रियेचे खूण-अक्षर: तापवून विझवलेला आणि मग भट्टीत ठरावीक तास मुरवलेला माल. ६०६१ हा मिश्रधातू मऊ अवस्थेत ब्रिनेल मापाने ३० असतो. टी-६ मध्ये ९५. कठीणपणा तिपटीने वाढला आणि इयत्ता डी वरून सी वर आली.

बाजारात मात्र ६०६१ वगैरे आकडे कमी, एचई ३० आणि एचई ९ ही नावे जास्त चालतात. हा जुन्या ब्रिटिश मानकांचा वारसा. ब्रिटनमध्ये ती कधीच मागे पडली, आपल्याकडे टिकली. एच म्हणजे उष्णतेने कडक होणारा, ई म्हणजे साच्यातून दाबून काढलेला बार. एचई ९ म्हणजे आजचा ६०६३, खिडक्यांच्या चौकटींचा. एचई ३० म्हणजे ६०८२ किंवा त्याचा भाऊ ६३५१, यंत्रभागांचा. बिलावर एचई ३० लिहून हाती मऊ, न मुरवलेला किंवा भलताच बार पडणे हे काही अपूर्व नाही. स्पेक्ट्रोमीटरवर ठिणगी पाडून रसायन तपासता येते, मुंबईत त्यासाठी प्रयोगशाळांची वाण नाही. पण स्पेक्ट्रोला फक्त घटक दिसतात. माल मुरवला आहे की नाही, ते दिसत नाही. त्यासाठी कठीणपणा मोजावा लागतो, नाहीतर विद्युतवाहकता. ६०६१ मऊ असताना तांब्याच्या प्रमाण वाहकतेच्या ४७ टक्के वीज वाहतो, टी-६ झाल्यावर ४३. हातात मावणारे मीटर नुसते टेकवून हे आकडे देते. माझ्या मते भारी टूलच्या जाहिराती पाहण्याआधी गाळ्याने या मीटरवर पैसे घालावेत.

पण खरी परीक्षा लेथवरच होते आणि तिला फार काही लागत नाही, शिस्त तेवढी लागते. दोन बार घ्यायचे: एक पूर्वी नीट चाललेल्या मालाचा, जपून ठेवलेला; दुसरा नवा. व्यास सारखा. टूल एकच, पण प्रत्येक बारला टिपचा नवा कोपरा. टिप ॲल्युमिनियमसाठीची, म्हणजे धार तीक्ष्ण, माथा उताराचा आणि आरशासारखा घासलेला, वर लेप नसलेला. पोलादासाठीची सोनेरी किंवा जांभळट लेपाची टिप लावून ॲल्युमिनियमला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. लेप देताना त्या टिपची धार बोथट झालेली असते आणि काही लेपांत ॲल्युमिनियमच असते, मग आपले आपल्याला धरणारच. कूलंट तेच, त्याची धार त्याच जागी. मग तीन फीड आणि तीन खोल्या अशा जोड्या लावून प्रत्येक जोडीला थोडे थोडे अंतर कापायचे आणि दर वेळी पडलेल्या चिपा उचलून पुठ्ठ्यावर चिकटवायच्या, खाली आकडे लिहून.

असा पुठ्ठा समोर आला की वाद संपतो. आयएसओ ३६८५ च्या पुरवणीत चिपांचे आठ कुळांत वर्गीकरण आहे: फीत, नळी, सपाट चक्री, वॉशरसारखा मळसूत्री वेढा, शंकूचा वेढा, कमान, सुटे तुकडे, सुया. बोटभर लांबीचे आवळ वेढे आणि कमानी मिळाल्या तर उत्तम. फीत आणि गुंता नको. आणि अगदी सुयांसारखा भुगा उडत असेल तर तोही नको, कारण तो कूलंटच्या जाळीत आणि स्लाइडच्या फटीत जातो. पुठ्ठ्यावर एक विभाग आपोआप दिसू लागतो, जिथे चिप तुटते. नव्या बारचा तो विभाग जुन्याहून मोठा की लहान, हेच उत्तर. फीड ०.०८ वर फीत आणि ०.१८ वर कमान, असे बऱ्याचदा दिसते. जाड चिप वाकताना मोडते, पातळ चिप नुसती वळते. ‘फिनिश हवे म्हणून फीड कमी’ या सवयीने कितीतरी गाळ्यांनी स्वतःचा गुंता स्वतःच विणलेला आहे.

पृष्ठभागाचीही अशीच एक छान झडती घेता येते. गोल नाकाची टिप फीडच्या अंतराने बारीक वळ्या सोडत जाते आणि त्यांची उंची भूमितीनेच ठरते: फीडचा वर्ग भागिले नाकाच्या त्रिज्येची आठपट. फीड ०.१ आणि त्रिज्या ०.८ असेल तर उंची दीड मायक्रॉनच्या जरा वर. फिनिश मोजण्याच्या सुईने हीच कमाल उंची दोनाच्या आसपास दाखवली, तर धातू प्रामाणिकपणे कापला जातो आहे. सहा-सात दाखवली, तर फीड निर्दोष. टिपवर मटेरियल चढते आहे. वेग वाढवून पुन्हा मोजावे. चढणारा गोळा ठरावीक वेगाच्या टप्प्यात जगतो, वेग पुरेसा वाढला की तापून सैल पडतो आणि उंची धाडकन उतरते. ॲल्युमिनियमला मोठा वेग मानवतो, तो यासाठी.

लेथ अडकलेला असेल तर ड्रिल मशीनवरची एक जुनी परीक्षा आहे, मला ती फार आवडते. खाली ओढायच्या दांड्याला वजन लटकवायचे, म्हणजे ड्रिलवर जोर कायम एकच राहतो. आरपीएम ठरवून द्यायचा आणि वीस मिलिमीटर खोल भोक पडायला किती सेकंद लागतात ते पाहायचे. धार लावलेले ड्रिल, तेच, दोन्ही बारना आलटून पालटून. खर्च शून्य, आणि मऊ चिकट माल इथे लगेच उघडा पडतो, कारण चिप ड्रिलच्या चरीत अडकते आणि ड्रिल रखडते. आट्याच्या बाबतीत तर हे जास्तच महत्त्वाचे. एम ६ चा टॅप आंधळ्या भोकात तुटला की जॉब तयार होता तरी भंगारात.

गुंता कायमचा सोडवायचा रासायनिक उपाय फार पूर्वी सापडला आहे. २०११ या मिश्रधातूत पाच ते सहा टक्के तांबे असते आणि जोडीला शिसे व बिस्मथ, प्रत्येकी ०.२ ते ०.६ टक्के. ही दोन्ही ॲल्युमिनियममध्ये विरघळत नाहीत. बारीक थेंबांच्या रूपात विखरून राहतात. शिसे ३२७ अंशांना वितळते, बिस्मथ २७१ ला, पण दोघांचे योग्य प्रमाणातले मिश्रण अवघ्या १२५ अंशांना. टूलपुढे धातू तापतो, थेंब मऊ होतात किंवा वितळतात, आणि चिप त्या कमकुवत जागी मोडते. बारीक कोंड्यासारखी चिप पडत राहते, ऑपरेटर मोबाइल पाहत बसतो. २०११ ला ए इयत्ता मिळाली ती या थेंबांच्या पुण्याईने. याच युक्तीने बनवलेला ६२६२ बी मध्ये आहे. ट्रॉबसारख्या ऑटोमॅटिक लेथवर लाखांनी निघणाऱ्या नटांसाठी आणि कनेक्टरसाठी हा माल वरदान होता.

पण ते शिसे आहे. युरोपीय संघाने विजेच्या उपकरणांतील घातक पदार्थांवरचे निर्बंध १ जुलै २००६ पासून लागू केले, तेव्हा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना ०.४ टक्क्यापर्यंत शिशाची सवलत ठेवावी लागली. म्हणजे प्रमाणित २०११ चा एखादा लॉट नियमात बसतो आणि दुसरा, तितकाच प्रमाणित, बसत नाही. निर्यात करणाऱ्या गाळ्याला त्यामुळे प्रत्येक लॉटचे टेस्ट सर्टिफिकेट नीट वाचावे लागते. शिशाऐवजी कथील घालून केलेले मिश्रधातूही निघाले आहेत. चिप तेही तोडतात, मात्र महाग पडतात आणि इथल्या बाजारात मागितल्याबरोबर मिळतीलच असे नाही.

आतापर्यंतची सगळी गोष्ट बारची झाली. ओतीव मालाकडे वळलो की खेळाचे नियमच बदलतात, आणि टेलर पुन्हा दारात उभा राहतो. मुलुंड-भांडुपच्या पट्ट्याला ओतकामही परके नाही. भांडुपची इंडियन स्मेल्टिंग अँड रिफायनिंग कंपनी लोखंडेतर मिश्रधातूंसाठी ओळखली जायची. ओतकामाचे नामकरणही ब्रिटिशच राहिले: एलएम ६, एलएम २४, एलएम २५. वाहन उद्योगाबरोबर त्यांत जपानी एडीसी १२ ची भर पडली. दुचाकीच्या इंजिनाची कव्हरे आज मुख्यतः त्याची. या सगळ्यांत सिलिकॉन भरपूर, एलएम २५ मध्ये सात टक्के, एलएम ६ मध्ये दहा ते तेरा. सिलिकॉनमुळे रस पातळ वाहतो आणि साच्याचा कोपरान् कोपरा भरतो. पण थिजताना ते वेगळे होऊन कणांच्या रूपात बसते, आणि हे कण आजूबाजूच्या ॲल्युमिनियमहून दहापटीने कठीण असतात. चिप आता आपसूक तुटते, कारण ठिसूळ कण वाटेत आहेत. पण तेच कण टिपची धार घासून खातात. बारच्या परीक्षेत जिची झीज मोजायला दोनशे किलो माल लागला असता, ती टिप इथे पाळीच्या आत बोथट होऊ शकते. त्यामुळे इथे आयएसओचा ०.३ मिलिमीटरचा पट्टा पुन्हा अर्थपूर्ण ठरतो.

त्यातही सिलिकॉन किती यापेक्षा ते कोणत्या आकारात आहे, याला जास्त मोल. अलादार पाक्स या हंगेरीत जन्मलेल्या रसायनज्ञाने १९२० च्या सुमारास दाखवले, की ओतण्याआधी रसात सोडियमचा क्षार टाकला तर सिलिकॉनचे जाड पत्रे बनत नाहीत, बारीक तंतू बनतात. आज हेच काम बरेचदा स्ट्रॉन्शियमने होते. एकच रासायनिक सर्टिफिकेट असलेले दोन ओतीव भाग, एकाला हा संस्कार झालेला आणि दुसऱ्याला नाही. टिपचे आयुष्य दोघांवर वेगळे. सिलिकॉन १२.६ टक्क्यांच्या पलीकडे गेले की मोठे, टोकदार, स्वतंत्र स्फटिक पडू लागतात. जनरल मोटर्सने १९७० मध्ये बाजारात आणलेल्या शेवरले व्हेगा मोटारीचा इंजिन ब्लॉक अशा सतरा टक्के सिलिकॉनच्या मिश्रधातूचा होता, आत बिडाचे लायनर नव्हतेच. पिस्टन थेट त्या स्फटिकांवर सरके. असा धातू कापायला कार्बाइड अपुरे पडते. त्याच दशकात कृत्रिम हिऱ्याच्या चुऱ्यापासून दाबून केलेल्या पीसीडी टिपा आल्या आणि मग हे काम सुकर झाले. पीसीडीची एक टिप कार्बाइडच्या कितीतरी पट महाग असते, तरी एडीसी १२ च्या मोठ्या ऑर्डरीला तीच स्वस्त पडते. हा हिशेब कागदावर करता येतो, पण त्यासाठी आधी झीज मोजलेली हवी.

ओतीव मालाची दुसरी डोकेदुखी म्हणजे तो बहुतांशी भंगारातून आलेला असतो. यात वाईट काही नाही; ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला नव्याने काढण्याच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते. पण भंगाराबरोबर लोखंड येते. डायकास्टिंगवाल्याला थोडे लोखंड हवेच असते, कारण त्यामुळे रस पोलादी साच्याला चिकटत नाही. एडीसी १२ मध्ये ते १.३ टक्क्यापर्यंत चालते. लेथवाल्याला ते नको असते, कारण लोखंड सिलिकॉनशी मिळून कठीण सुया तयार करते. मँगनीज घालून त्या सुयांचे गोळे करता येतात, पण प्रमाण चुकून क्रोमियमही जमले, तर भट्टीच्या तळाशी जड गाळ बसतो आणि रसाबरोबर साच्यात जातो. त्यातच ऑक्साइडचे खडे. तापलेल्या भट्टीत बराच वेळ राहिलेले ऑक्साइड कुरुंदाचे रूप घेते, आणि कुरुंद म्हणजे सँडपेपरवरचा दाणा.

अशा खड्यावर टिप आदळली की कोपराच उडतो. इथे सरासरीची परीक्षा फसते. चाळीस नग सुरेख उतरतात, एक्केचाळिसाव्याला टिप फुटते, पुढे तीस पुन्हा सुरेख. चाळीस नगांवर टिप घासलेली किती, हे मोजून या मालाचे काही कळत नाही. कळते ते किती नगांमागे टिप फुटली आणि ती फूट कोणत्या लॉटमध्ये झाली, याची वही ठेवून. त्या वहीत लॉट नंबर, टिप बदलल्याची वेळ आणि कारण, झिजली की फुटली, एवढे तीनच रकाने पुरतात. फुटल्याच्या नोंदी एकाच लॉटपाशी जमल्या, तर दोष भट्टीचा. सगळ्या लॉटांत विखुरल्या, तर आपल्या मशीनचा, बहुधा जॉब पकडण्याचा. ओतकामवाल्याशी फोनवर भांडताना ही वही फार उपयोगी पडते. फुटलेली टिप आणि तो नग जपून ठेवलेला असला, नग कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली धरलेला असला, तर भांडण लवकर मिटते. हे काम करणाऱ्या खासगी प्रयोगशाळा मुंबई-ठाण्यात आहेत. संशोधनाच्या पातळीवर पाहायचे तर नागपूरला अमरावती मार्गावर वाडीजवळ केंद्र सरकारची खास ॲल्युमिनियमसाठीची संशोधनसंस्था आहे, जवाहरलाल नेहरूंच्या नावाची. बॉक्साइटपासून भंगारापर्यंत ती ॲल्युमिनियमचा विचार करते.

चिपांचा शेवटचा हिशेब मात्र भंगारवाल्यापाशी होतो. पन्नास मिलिमीटरच्या बारमधून पोकळ बॉडी काढली, तर विकत घेतलेल्या धातूतला निम्म्याहून अधिक कधीकधी चिप होऊन ड्रममध्ये जातो, म्हणून त्याचा भाव ही काही किरकोळ गोष्ट नाही. गुंत्याच्या फितीने ड्रम लगेच भरतो आणि वजन भरत नाही. टेम्पोची फेरी वाढते. तुटक चिप दाबून बसते, कूलंट निथळून जाते, पाण्यापोटी कापायची घट कमी होते. आणि सगळ्यात महत्त्वाचे, २०११ ची चिप एचई ३० च्या ड्रममध्ये मिसळली, तर शिसे आणि तांबे आले म्हणून वितळवणारा सगळ्या ड्रमला हलका भाव लावतो. दोन्ही चिपा दिसायला रुपेरीच. शिस्तीच्या गाळ्यात त्यामुळे बार बदलला की आधी मशीनचा ट्रे झाडतात, ड्रमवर खडूने नवे नाव घालतात, आणि मगच पहिला जॉब लावतात.